ताऱ्याचा स्फोट गोल असतो की लांबट? हा प्रश्न सहावीच्या वर्गात यायला हवा



"ताऱ्याचा स्फोट" असं चित्र काढायला सांगितलं की वर्गातली तीस मुलं साधारण एकच चित्र काढतात. मध्ये गोळा, चहूबाजूंना सारख्या लांबीच्या रेघा, पिवळा आणि केशरी खडू. चित्र छान दिसतं, आपण शेरा देतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. माझं मत असं आहे की त्या चित्राखाली मुलांनी एक ओळ लिहिलीच पाहिजे : "हे गोल आहे, कशावरून?"

ही ओळ का लिहायची ते सांगतो. आजची मुलं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चित्रं बघतात. मोबाईलवर तारा फुटतानाचा व्हिडिओ असतो, आवाजासकट. (अवकाशात हवा नाही म्हणजे आवाजही ऐकू येणार नाही, हे तीच मुलं परीक्षेत बरोबर लिहितात, तो भाग वेगळा.) सहावीच्या एका मुलाने मला विचारलं, "सर, हा व्हिडिओ कोणी काढला?" मी सांगितलं, हा संगणकावर तयार केलाय. त्याचा पुढचा प्रश्न होता, "मग त्यांना कसं कळलं कसा काढायचा?" मला विचाराल तर पूर्ण खगोलशास्त्र या दुसऱ्या प्रश्नात आहे. आणि आपण शाळेत बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो.

आता खरी अडचण काय आहे ते पाहू. १० एप्रिल २०२४ च्या रात्री एनजीसी ३६२१ या दीर्घिकेत एक तारा फुटलेला दिसला. त्याचं नाव ठेवलं एसएन २०२४जीजीआय. अंतर सुमारे २ कोटी २० लाख प्रकाशवर्षं. फुटलेला तारा सूर्याच्या १२ ते १५ पट वस्तुमानाचा आणि सूर्याच्या ५०० पट त्रिज्येचा, म्हणजे लाल महाराक्षसी तारा. एवढा अवाढव्य गोळा फुटला तरी इथून तो किती मोठा दिसेल? मी ढोबळ हिशेब करून पाहिला. एका दिवसात तो सुमारे दोनशे कोटी किलोमीटर रुंद झाला असं धरलं, तरी इतक्या लांबून तो चंद्रावर ठेवलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढा दिसेल. पृथ्वीवरून चंद्रावरचा ज्वारीचा दाणा! तो गोल आहे की लांबट हे कुठली दुर्बीण सांगणार? जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतही तो एक ठिपकाच राहतो.

तरीही शास्त्रज्ञांनी सांगितलं की स्फोट पहिल्या दिवशी गोल नव्हता, ऑलिव्हच्या फळासारखा लांबट होता. (ऑलिव्ह आपल्याकडच्या मुलांनी पाहिलेलं नसतं. मी "खारकेसारखा, पण जरा गुटगुटीत" असं सांगतो.) ठिपका बघून आकार सांगितला, फोटो नसताना. ही जादू वाटते, पण यात जादू अजिबात नाही, आणि म्हणूनच मला ती वर्गात न्यावीशी वाटते.

यामागे आहे प्रकाशाचं ध्रुवण. वर्तमानपत्रात "मतांचं ध्रुवीकरण" वाचून वाचून हा शब्द बिघडलाय, म्हणून मी वर्गात विज्ञानातला जुना मराठी शब्द "ध्रुवण" वापरतो. दोरउडीची दोरी घ्या, एक टोक एका मुलाने धरायचं, दुसरं टोक दुसऱ्याने वर-खाली हलवायचं. लाट वर-खाली जाते. आता डावी-उजवीकडे हलवा, लाट आडवी जाते. दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवली तर उभी लाट पार होते, आडवी अडते. प्रकाशही लाटेसारखा हलतो. दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रकाशात सगळ्या दिशांना हलणाऱ्या लाटांची खिचडी असते. त्यातल्या एका दिशेच्या लाटा जास्त झाल्या की तो प्रकाश ध्रुवित झाला असं म्हणतात.

आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. मधमाशीला कळतो, आकाशातल्या ध्रुवित प्रकाशावरून ती दिशा ठरवते. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांवर केलेल्या कामाला १९७३ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे चौथीतल्या मुलाला "मधमाशीला दिसतं ते तुला दिसत नाही" एवढं सांगितलं तरी त्याचे कान टवकारतात.

पण आपल्याला गजांची खिडकी मिळू शकते. ध्रुवण करणारा गॉगल कुणाच्या तरी घरी सापडतोच. (प्रत्येक काळा गॉगल तसा नसतो, तपासून घ्या.) साधा कॅल्क्युलेटर सुरू करा, त्याचे आकडे गॉगलच्या एका काचेतून बघा आणि गॉगल हळूहळू फिरवा. एका ठिकाणी पडदा पूर्ण काळा होतो, पाव फेरा पुढे गेलं की परत उजळतो. कॅल्क्युलेटरच्या पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेने हलणारा असतो, त्यामुळे असं होतं. वर्गात हा प्रयोग झाला की पाच मिनिटं कुणी ऐकत नाही, प्रत्येकाला स्वतः फिरवून बघायचं असतं. फिरवू द्या.

दुसरा प्रयोग मैदानावर. सकाळी आठच्या सुमारास, आकाश निरभ्र असताना, सूर्याकडे न बघता, सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाच्या भागाकडे, म्हणजे साधारण डोक्यावरच्या निळ्या आकाशाकडे गॉगलमधून बघायचं आणि गॉगल फिरवायचा. आकाश गडद-फिकं होतं. आता सूर्यप्रकाश तर ध्रुवित नव्हता, मग हा ध्रुवित कसा झाला? हवेच्या कणांवर आपटून तो बाजूला विखुरला आणि काटकोनात विखुरताना एका दिशेच्या लाटा जास्त उरल्या. सूर्याकडे बघायचं नाही, हे मुलांना तीनदा बजावा. गॉगल असला तरी नाहीच.

इथून फुटलेला तारा फक्त एक पाऊल दूर आहे. ताऱ्याच्या तापलेल्या वायूत सुटे इलेक्ट्रॉन असतात, प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो. नियम तोच, बाजूला विखुरलेला प्रकाश ध्रुवित. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४६ मध्ये गणित मांडून दाखवलं की अशा ताऱ्याच्या अगदी कडेवरून येणारा प्रकाश सुमारे १२ टक्क्यांपर्यंत ध्रुवित असला पाहिजे, आणि त्याच्या हलण्याची दिशा कडेला समांतर असते. मग सगळा तारा एका ठिपक्यात आला तर काय होईल?

हे मी मैदानावर करून घेतो आणि तुम्हीही करून बघा. चोवीस मुलांना सारख्या अंतरावर गोलात उभं करा. प्रत्येकाच्या हातात फूटपट्टी. पट्टी गोलाच्या रेषेला समांतर धरायची. आता मोजा : किती पट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत, किती उत्तर-दक्षिण? तिरक्या पट्ट्या ज्या दिशेला जास्त कललेल्या असतील तिकडे मोजायच्या, अगदी मधोमध तिरक्या असलेल्या सोडून द्यायच्या. दोन्ही आकडे सारखे येतात. उत्तरेकडच्या कडेवरची पट्टी पूर्व-पश्चिम असते, पूर्वेकडच्या कडेवरची उत्तर-दक्षिण, दोघी एकमेकींना खोडतात. गोल ताऱ्याचं असंच होतं. कडेचा प्रकाश ध्रुवित असूनही सगळ्याची बेरीज शून्य.

मग मुलांना सांगा, गोल ताणून उत्तर-दक्षिण लांबट करा, अंतर सारखंच ठेवा. परत मोजा. आता लांब बाजूंवर जास्त मुलं आली, उत्तर-दक्षिण पट्ट्या वाढल्या, बेरीज शून्य राहिली नाही. आता एका मुलाला मैदानाकडे पाठ करून उभं करा आणि त्याला फक्त दोन आकडे सांगा. न बघता तो सांगू शकतो की गोल ताणला गेलाय आणि कुठल्या दिशेला. माझ्या मते हा खेळ मोठ्या माणसांसाठीही चांगला आहे. खऱ्या ताऱ्याचं गणित याहून बरंच गुंतागुंतीचं असतं, पण गाभा हाच.

"हे बीएससीचं आहे हो, प्राथमिकच्या मुलांना कशाला?" असं शिक्षण परिषदेत कुणीतरी म्हणणार, मला माहीत आहे. यात बीएससीचं काय आहे ते आपण वेगळं करू. विद्युतचुंबकीय लहरी, समीकरणं, वर्णपटातल्या रेषा, हे सगळं बीएससीचं, ते सोडून द्या. पण "सारखं असेल तर खोडलं जाईल, उरलं तर सारखं नाही" हा तर्क दहा वर्षांच्या मुलाचा आहे. रांगोळीच्या दोन बाजू जुळतात का हे तो रोज बघतो. बालभारतीच्या आठवीच्या विज्ञानात "ताऱ्यांची जीवनयात्रा" असा पाठ आहे. तिथे पोचेपर्यंत मुलाच्या डोक्यात गोल चित्र पक्कं बसलेलं असतं, आणि "कशावरून" विचारायची सवयही मोडलेली असते. तोपर्यंत थांबू नये असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : ठिपक्यावरून काढलेला आकार बरोबर कशावरून? हा आक्षेप मुलाने घेतला तर त्या दिवशी फळ्यावर त्याचं नाव लिहा. याचं उत्तर मिळायला पंधरा वर्षं लागली.

फेब्रुवारी १९८७ मध्ये आपल्या शेजारच्या मोठ्या मॅगेलनी मेघात एक तारा फुटला, एसएन १९८७ए. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं, म्हणजे वरच्या उदाहरणाच्या मानाने अगदी उंबऱ्यावर. १६०४ नंतर इतका तेजस्वी स्फोट दिसला नव्हता, दक्षिण गोलार्धात तो नुसत्या डोळ्यांनी दिसला. तेव्हाच त्याच्या प्रकाशाचं ध्रुवण मोजलं गेलं आणि त्यावरून स्फोट गोल नाही असं कळलं. तेव्हा तोही ठिपकाच होता. मलबा पसरत पसरत मोठा झाला आणि पुढे हबल दुर्बिणीला त्याचा आकार प्रत्यक्ष दिसू लागला. तो लांबट होता. २००२ मध्ये लिफान वांग, क्रेग व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी मोजमापं आणि नवी छायाचित्रं शेजारी ठेवली, तर ध्रुवणाने सुरुवातीला दाखवलेला अक्ष आणि चित्रातला अक्ष जुळला. आधी सांगितलं, मग दिसलं, मग ताडून पाहिलं. विज्ञान म्हणजे काय यावर आपण भाषणं देतो, त्यापेक्षा हे एक उदाहरण मला पुरेसं वाटतं.

वांग आणि व्हीलर यांनी १९९० च्या दशकात टेक्सासच्या मॅकडोनल्ड वेधशाळेतून एकामागून एक स्फोटांचं ध्रुवण मोजलं, आणि त्यातून एक फरक पुढे आला. ज्या मोठ्या ताऱ्यांचा गाभा कोसळतो त्यांच्या स्फोटांत ध्रुवण साधारण १ टक्क्याच्या घरात येतं. म्हणजे प्रकाशाचे शंभर भाग केले तर एकच भाग एका दिशेला जास्त, तेवढ्यावर सगळा निष्कर्ष! पांढऱ्या खुजा ताऱ्यांच्या, म्हणजे "एक-ए" प्रकारच्या स्फोटांत ते यापेक्षा बरंच कमी असतं. २००१ च्या एसएन २००१ईएल या स्फोटात ते सुमारे ०.२ टक्के होतं, म्हणजे गोलापेक्षा साधारण १० टक्के वेगळा आकार, आणि तोही सर्वाधिक तेज येऊन गेल्यावर आठवडाभरात जवळजवळ गोल झाला.

हे महत्त्वाचं का? याच एक-ए स्फोटांच्या तेजावरून शास्त्रज्ञ दूरच्या दीर्घिकांची अंतरं मोजतात. विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय हे १९९८ मध्ये त्यावरूनच कळलं, २०११ चं नोबेल त्याला मिळालं. हे स्फोट वेडेवाकडे असते तर एका बाजूने बघताना जास्त उजळ आणि दुसऱ्या बाजूने कमी दिसले असते, आणि अंतराची मोजपट्टीच डळमळली असती. म्हणजे "गोल की लांबट" ही हौसेची चौकशी नाही.

मोठ्या ताऱ्यांच्या बाबतीत तर आकाराचा प्रश्न थेट "तारा फुटतोच कसा" इथे जाऊन पोचतो. गाभा कोसळतो, मग बाहेर ढकलणारी धक्कालहर निघते. ही लहर संगणकावर सगळीकडून सारखी चालवली तर ती बहुतेक वेळा मधेच अडकते, तारा फुटतच नाही. खऱ्या ताऱ्यांना मात्र फुटायला येतं. म्हणजे आत काहीतरी एकांगी, वेडंवाकडं चाललेलं असणार. २००४ मध्ये एसएन २००४डीजे या स्फोटात हे फार सुंदर दिसलं. वरचा हायड्रोजनचा जाड थर होता तोवर ध्रुवण जवळजवळ शून्य, सुमारे तीन महिन्यांनी थर विरळ होऊन आतला भाग उघडा पडला आणि ध्रुवण एकदम वाढलं. कांदा वरून गोल, आत कापल्यावर गाभा वाकडा, असं मी वर्गात सांगतो. हा स्फोट शोधला होता कोइची इतागाकी या जपानी हौशी निरीक्षकाने, आणि २०२३ चा गाजलेला एसएन २०२३आयएक्सएफ सुद्धा त्यांनीच शोधला. पगारी खगोलशास्त्रज्ञ नसलेला माणूस, हे मुलांना मुद्दाम सांगावं.

आणि म्हणून २०२४ च्या स्फोटाची गडबड समजून घ्या. स्फोट दिसला तेव्हा बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातले यी यांग लांबचा विमानप्रवास करून नुकतेच सॅन फ्रान्सिस्कोला उतरले होते. बारा तासांत त्यांनी दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज पाठवला. चिलीमधली ८.२ मीटर आरशाची दुर्बीण (तिचं नावच "फार मोठी दुर्बीण" असं आहे, मुलं हसतात) ११ एप्रिलला, स्फोट दिसल्यापासून अवघ्या २६ तासांत, तिकडे वळली. आतून निघालेला धक्का ताऱ्याचा पृष्ठभाग फोडून बाहेर येण्याचे ते काही तास होते. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर ती वेळ निघून गेली असती. आकार लांबट निघाला. नंतर मलबा आजूबाजूच्या वायूवर आदळून चपटा झाला, पण अक्ष तोच राहिला. म्हणजे स्फोटाला सुरुवातीपासूनच एक ठरलेली दिशा होती. हे काम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं.

एक गोष्ट मात्र लपवू नये. ताऱ्याचा प्रकाश वाटेत धुळीतून येतो आणि ही धूळही प्रकाश थोडा ध्रुवित करते, हे १९४९ पासून माहीत आहे. मग मोजलेलं ध्रुवण ताऱ्याचं की धुळीचं? आपल्याकडे दुकानदार तेल मोजण्याआधी रिकाम्या डब्याचा धडा करतो, तसंच इथे आधी धुळीचा धडा करावा लागतो. धुळीचं ध्रुवण आज आणि महिन्याने तेच राहतं, स्फोटाचं बदलतं, हा एक धागा धरून दोन्ही वेगळे काढतात. त्यातही मतभेद होतात. मुलांना हे सांगितलं तर त्यांचा विज्ञानावरचा विश्वास कमी होईल अशी भीती काहींना वाटते. मला उलटं वाटतं. आधी डब्याचं वजन वजा करणाऱ्या दुकानदारावरच आपण विश्वास ठेवतो.

पालकांना दोन शब्द. मुलाला विज्ञानाची आवड आहे म्हणून लगेच महागडी दुर्बीण घेऊ नका. बंद पडलेला कॅल्क्युलेटर, एक गॉगल, पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आणि चिकटपट्टी द्या. चालू कॅल्क्युलेटरचा पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये ती पट्टी धरली की रंग दिसतात. ते का दिसतात हे तुम्हाला सांगता आलं नाही तरी चालेल, मुलाला शोधू द्या.

शिक्षकांना एक विनंती. हे शिकवलंत तर चाचणीत "ध्रुवण म्हणजे काय? व्याख्या लिहा" असा प्रश्न टाकू नका. अध्ययन निष्पत्तीच्या रकान्यात काय लिहायचं ते बघून घेऊ. टाकायचाच असेल तर असा टाका : चोवीस पट्ट्यांपैकी बारा एका दिशेला आणि आठ दुसऱ्या दिशेला आहेत, चार मधोमध तिरक्या आहेत, तर रांगण गोल आहे का? कशावरून?

आणि हे काम फक्त चिली आणि टेक्सासला होतं असं मुलांना वाटू देऊ नका. नैनितालच्या एरीज संस्थेच्या १०४ सेंटिमीटर दुर्बिणीवर "एआयएमपोल" नावाचा ध्रुवणमापी आहे, त्याने २०१२ मधल्या एसएन २०१२एडब्ल्यू या स्फोटाचं ध्रुवण अनेक रात्री मोजलं गेलं. पुण्याच्या आयुका संस्थेत "वालोप" या ध्रुवणमापी उपकरणांची रचना झाली आहे, आपल्या आकाशगंगेतल्या त्या धुळीचाच नकाशा काढण्यासाठी. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त आयुका सगळ्यांसाठी खुली असते. पुण्याच्या आसपासच्या शाळांनी मुलांना न्यावं, आणि जाताना प्रत्येकाच्या वहीत एक तरी "कशावरून?" लिहून न्यावा.